दोघांतलं तिसरं माणूस

पुण्यात आमच्या लग्नात किती माणसं राहत होती, हे स्टुटगार्टला आल्यावर कळलं. लग्नसमारंभात नव्हे, लग्नात. सकाळी घंटी वाजवत येणारा कचरेवाला, साडेआठच्या ठोक्याला भांडी घासायला येणाऱ्या मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना नेमकं आमचं वाजलं की विरजण हवं असायचं, आणि आईचा दिवसातून दोनदा येणारा फोन. नवरा-बायकोचं भांडण रंगात यावं आणि दारावर बेल वाजावी, हा पुण्यातल्या संसाराचा नियमच आहे. बेल वाजली की दोघंही चेहरे सारखे करतात, दार उघडतात, मावशींच्या पोरीच्या बारावीची चौकशी करतात, आणि त्या गेल्यावर भांडण कुठवर आलं होतं ते कोणालाच आठवत नाही. या उपकारांची नोंद कोणी ठेवत नाही. उलट, "दोघांना म्हणून जरा निवांतपणा नाही" अशी तक्रार आम्हीही वर्षानुवर्षं केली.

स्टुटगार्टला तो निवांतपणा मिळाला. इथे न कळवता कोणी येत नाही. बेल वाजलीच तर पार्सलवाला असतो, आणि तोही बहुतेक वेळा शेजाऱ्यांचं पार्सल ठेवून घ्याल का असं विचारायला आलेला. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. त्या पहिल्या हिवाळ्यात शुक्रवारी सुरू झालेलं एक भांडण रविवारच्या रात्रीपर्यंत पुरलं, कारण त्याला मध्ये अडवणारं कोणी नव्हतं.

विषय खिडकीचा होता. इथली घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ बाहेर गेली नाही तर भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते, आणि त्याचा भुर्दंड भाडेकरूच्या माथी बसू शकतो. म्हणून बाहेर शून्याखाली पाच असलं तरी हीटर बंद करून दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि पाच-दहा मिनिटं घरात वारा खेळवायचा. बायकोचं म्हणणं, फोडणी दिली की लगेच. माझं म्हणणं, जेवण उरकल्यावर. तिचा मुद्दा शास्त्राला धरून होता आणि माझा भात गार होत होता. पुण्यात हा वाद आमटीच्या पहिल्या उकळीबरोबर संपला असता.

परदेशात राहणाऱ्या जोडप्यांबद्दल आपल्याकडे दोनच तऱ्हांनी लिहिलं जातं. एक तर एकटेपणाचं रडगाणं, नाहीतर बर्फात हात पसरून काढलेले फोटो. मला दोन्हींत रस नाही. दोन माणसांच्या मधली तिसरी माणसं काढून घेतली की त्या दोघांचं काय होतं, एवढंच मला इथे पाहायला मिळालं आणि त्याबद्दलच लिहावंसं वाटतं.

आम्ही इथे आलो ते तिच्या नोकरीमुळे. गाडीचे ब्रेक कधी, किती लागावेत हे ठरवणारं सॉफ्टवेअर तपासणं हे तिचं काम. पुणे ते स्टुटगार्ट ही वाट तशी मळलेली आहे. मर्सिडीज आणि पोर्शे याच शहरातल्या, रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये आपला कारखाना इथेच काढला, आणि मर्सिडीजचा भारतातला कारखाना आपल्या चाकणला. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून एकमेकांची भगिनी-शहरं आहेत, हे दोन्ही गावांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं ते सोडा. तर व्हिसा तिचा, आणि तिच्या मागून आलेला मी. मी घरी बसून भाषांतरं करतो आणि सकाळी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत, जर्मनच्या वर्गाला जातो. सासूबाई फोनवर "जावईबापू, बरं आहे ना सगळं?" असं विचारतात, तेव्हा त्या 'सगळं'मध्ये नोकरीचा प्रश्न घडी घालून ठेवलेला असतो.

आम्हाला पहिलं तिसरं माणूस मिळालं ते माणूस नव्हतंच. ती एक पाटी होती. एका सोमवारी सकाळी आमच्या दाराच्या मुठीला सुतळीने अडकवलेली छोटी लाकडी पाटी दिसली, वर लिहिलेलं: केरवोखं. या प्रांतात, म्हणजे स्वाबियात, इमारतीतल्या प्रत्येक घराची झाडलोटीची पाळी येते. लहान पाळीत आपल्या मजल्यापुरता जिना, मोठ्या पाळीत तळघर, अंगण, रस्त्याकडेची फरसबंदी, आणि हिवाळ्यात बर्फ. बर्फ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत काढायचा, रविवारी नऊपर्यंत सवलत. कोणी घसरून पडलं तर जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. स्टुटगार्टच्या १४९२ च्या नियमांतच प्रत्येकाने आपल्या दारातली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकावी असा हुकूम होता. कोलंबस जहाज घेऊन निघाला त्या वर्षी हे लोक उकिरडा उपसत होते, आणि खरं सांगायचं तर दोन्हींत मला हेच जास्त शहाणपणाचं वाटतं. शहराच्या नियमांतली सक्ती १९८८ मध्ये गेली. भाडेकरारांतली राहिली. शेजारणींच्या डोळ्यांतली तर कुठेच जायची नाही.

शेजारीण म्हणजे तळमजल्यावरच्या आजी. आपसात आम्ही आजी म्हणतो, तोंडावर अर्थातच फ्राउ आणि आडनाव. ऐंशीच्या पुढच्या, केस कानाच्या पाळीपाशी नेमके कापलेले, कपाळावर आठी. जिना कसा झाडायचा हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं. पायपुसणं बाजूला न सरकवता उचलायचं, उभं करायचं, त्याची धूळ त्याच्याच जागेवर झटकायची आणि मग ती भरायची. पायरीचा कोपरा कुंच्याने निघत नाही, त्याला हातातला ब्रश. कठडा वरून पुसायचा तसा खालूनही, कारण चढताना माणूस बोटं खालून धरतो. ओला पोछा सगळ्यात शेवटी, वरच्या पायरीकडून खाली. आणि हे सगळं शनिवारी दुपारपर्यंत, बादलीचा थोडा आवाज करत. हा आवाज महत्त्वाचा. काम झालं पाहिजे, आणि झालेलं शेजाऱ्यांना कळलंही पाहिजे. चार जर्मन घरांच्या त्या जिन्यात मला एकदम सदाशिव पेठ भेटली.

पाटी आली आणि आमच्या भांडणांना वळण लागलं. "या आठवड्यात कोणाची पाळी?" हा प्रश्न कोणावरही न रागावता विचारता येतो, कारण तो पाटीने विचारलेला असतो. मी तळघर झाडत असताना बायको वरून डोकावून "आजींनी बघितलं का?" असं विचारते, तेव्हा आम्ही दोघं एकाच बाजूचे असतो. खिडकीचा वादही शेवटी आजींनीच मिटवला. जिन्यात एकदा मोहरीचा वास हुंगून त्या म्हणाल्या, स्वयंपाक करतानाच उघडा, मग वास जिन्यात येणार नाही. बायको जिंकली, पण मला हरल्यासारखं वाटलं नाही. निकाल तिसऱ्याने दिला होता.

रविवारचा प्रश्न उरलाच होता. इथे रविवारी दुकानं बंद. ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं नाही, काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत कारण खळ्ळकन आवाज होतो. घरात काही करायची सोय नसल्यामुळेच हा देश रविवारी पायांत बूट घालून निघतो, अशी माझी समजूत आहे. आम्हीही निघू लागलो. मे २०२३ मध्ये महिनाभर देशभर कुठेही जाता येईल असं ४९ युरोंचं तिकीट निघालं. पुढे ते ५८ चं झालं, २०२६ पासून ६३ चं. अट एवढीच की स्थानिक आणि प्रादेशिक गाड्याच घ्यायच्या, जलद नाही. म्हणजे प्रत्येक खेड्यावर थांबत जायचं. परवडतं म्हणून घेतलेल्या या तिकिटाने आम्हाला बोलतं केलं. समोरासमोरच्या बाकांवर बसून दोन तास भिंतीकडे कोणी बघू शकत नाही. खिडकीबाहेर काहीतरी येतं आणि एकाला दुसऱ्याला सांगावंच लागतं, "अगं, ते बघ."

स्टुटगार्टहून उल्मला जाणारी प्रादेशिक गाडी गाइसलिंगनपाशी घाट चढते. १८५० मध्ये सुरू झालेला हा चढ, चव्वेचाळीस-पंचेचाळीस फुटांना एक फूट असा. जड मालगाड्यांना मागून इंजिन लावून ढकलावं लागतं. कर्जत-लोणावळा करत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपला बोरघाट १८६३ चा आणि त्याहून तिखट, सदतिसाला एक. "आमच्याकडे चढ जास्त आहे," असं मी त्या गाडीत बसून बायकोला अभिमानाने सांगितलं, जणू खंडाळ्याची दरी मीच खोदली होती. तिने मेथीच्या दशमीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि "लोणावळ्याला चिक्की तरी मिळते" म्हणाली. उल्मच्या पुढे जाणाऱ्या मार्गावर स्वाबियन लोकांचं एक जुनं लोकगीत आहे. त्यातला शेतकरी शेळीचं तिकीट काढत नाही, तिला शेवटच्या डब्याच्या मागे दोरीने बांधतो आणि उतरल्यावर दोरीला नुसतं मुंडकं लोंबताना पाहतो. पोरांना शिकवायचं गाणं आहे हे! मितव्ययी माणसाची इतकी क्रूर थट्टा पुणेकरांनाही सुचली नसती.

उल्मला लोक तिथल्या मोठ्या चर्चसाठी जातात. त्याचा मनोरा १६१.५ मीटर, १३७७ मध्ये पायाभरणी, १८९० मध्ये पूर्ण. आम्हाला ओढ होती ती एका माणसाची. बायकोचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या मागे आयुष्य घालवणारे गुंथर सोन्थायमर १९३४ मध्ये या उल्मला जन्मले. कायद्याचा अभ्यास करता करता ते महाराष्ट्राकडे वळले, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत राहिले आणि धनगरांबरोबर माळरानांवरून हिंडून त्यांच्या ओव्या टेपवर उतरवत राहिले. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. वारीवर त्यांनी चित्रपटही केला. १९९२ मध्ये ते गेले. उल्मच्या त्या दगडी चौकात उभं राहून मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरात कुळधर्म कोणाकडे यावरून दोन काकांचं बोलणं बंद आहे. आणि हा इथून उठून तिथे गेला."

मग मनोरा. ७६८ पायऱ्या, गोल गोल, दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकणार नाहीत अशा. चारशेच्या आसपास तिचा गुडघा बोलू लागला. मी "खाली जाऊ या का?" म्हणालो, ती "जेजुरीला आजीला पाठीवर घेऊन चढलेत माझे बाबा" म्हणाली. वरच्या टप्प्यावर पोचल्यावर तिने भिंतीला हात टेकून, दम खात, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हटलं. शेजारी टेकलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांना वाटलं बाईंना पाणी हवंय. त्यांनी लगबगीने बाटली पुढे केली. तिने ती घेतली, प्यायली आणि परत केली. खाली डॅन्यूब, पलीकडे बव्हेरिया. भंडारा तेवढा नव्हता.

सगळेच प्रवास असे फळत नाहीत. ब्लॅक फॉरेस्टमध्ये आम्ही घड्याळातल्या लाकडी कोकिळांच्या दुकानांतून फिरून कंटाळलो. सीमेवरच्या केलहून ट्रॅममध्ये बसून ऱ्हाईन ओलांडली आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला उतरलो, तेव्हा देश बदलल्याचं आधी मोबाइलला कळलं. काल्वला कादंबरीकार हर्मन हेस्सेच्या पुतळ्यापाशी सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. त्याची आई १८४२ मध्ये आपल्या केरळातल्या थलश्शेरीला जन्मली आणि आजोबा हर्मन गुंडर्ट यांनी मल्याळमचा कोश केला, हे कळल्यावर मात्र बायको पुतळ्याकडे जरा घरच्या नजरेने पाहू लागली. बोडेनझे या मोठ्या सरोवराकाठी गेलो तेव्हा मी तिला सांगितलं की स्टुटगार्टच्या नळाला यातलंच पाणी येतं, साठ मीटर खोलीवरून उपसलेलं, १९५८ पासून. "म्हणजे खडकवासला," ती म्हणाली आणि तिथल्या बाकावर बसून तिने आईला व्हिडिओ कॉल लावला.

एक ठिकाण मात्र आमच्या घराजवळच होतं, आणि तिथे आम्ही बराच वेळ रेंगाळलो. वाइसनहोफ वसाहत, १९२७ मध्ये वास्तुविशारद मीस व्हान डर रोहच्या देखरेखीखाली उभी राहिलेली. तिथलं ल कॉर्बुझिएचं जोडघर २०१६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याच यादीत चंदीगडचा त्याचा कॅपिटॉल परिसरही. घरात आता संग्रहालय आहे. आतला बोळ मुद्दाम आगगाडीच्या शयनडब्यातल्या बोळाइतका ठेवलेला. दिवसा खाटा काँक्रीटच्या कपाटांखाली सरकवायच्या की झाला हॉल, रात्री खाटा ओढून मधली भिंत सरकवायची की झाल्या झोपायच्या खोल्या. मार्गदर्शक मुलगी कौतुकाने सांगत होती. बायको माझ्या कानात म्हणाली, "परळच्या खोलीत आमच्या आत्याने हेच केलं होतं. सहा माणसांत. तिला कोणी यादीत नाही घातलं." बोळातून जाताना आम्हाला एकामागे एक चालावं लागलं. या घरात भांडण झालं तर पाय आपटत निघून जाण्याचीही सोय नाही, असा माझा अंदाज.

उन्हाळ्यात सासू-सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. मला वाटलं, आता सगळं पुण्यासारखं होईल. झालं उलटंच. आम्हाला भांडायला जागा उरेना. "चहा टाकू का गं?" अशी स्वयंपाकघरातून हाक आली की आम्ही दचकायचो. एवढ्या काळात आमच्यात अर्ध्या वाक्यांची एक भाषा तयार झाली होती, आणि ती सासूबाईंना ऐकताना फार तुसडी वाटायची. "अगं, असं तोडून काय बोलतेस त्यांच्याशी?" शेवटी आम्ही कपडे वाळत घालायच्या निमित्ताने माळ्यावर जाऊ लागलो. तिथे चादरींच्या आड दबक्या आवाजात आमचे तंटे चालत. ज्या निवांतपणाला आम्ही नावं ठेवली होती त्याची चटक लागली होती म्हणायची.

सासरे निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी पाटी ताब्यात घेतली आणि झाडलोटीची वही घातली. आजी आणि ते अंगणातल्या बाकावर बसून तासन्‌तास बोलत, ते मराठीत, त्या स्वाबियनमध्ये, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळत नसल्याचं काही वाटत नसे. टोमॅटोच्या बगलेतले कोंब कसे खुडायचे हे सासऱ्यांनी आजींकडून शिकून घेतलं. आजींनी एकदा इथलं घरगुती जेवण खिलवलं, मसूर आणि श्पेट्झलं, आमच्यासाठी सॉसेज वगळून. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमटीत शेवया? आणि वर व्हिनेगर?" पण दुसऱ्या वाढीला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं.

ते परत गेले. त्या हिवाळ्यात आजींचा गुडघा बदलायचा होता आणि त्यानंतर त्यांना तीन आठवडे दुसऱ्या गावच्या पुनर्वसन केंद्रात राहायचं होतं. जाण्याआधी त्या दोन मजले चढून वर आल्या आणि घराची किल्ली बायकोच्या हातात दिली. खिडकीतल्या जिरेनियमना पाणी, पत्रपेटी, आणि त्यांच्या वाट्याची पाळी. कागदावर सगळं लिहून आणलं होतं, अधोरेखित करून. झाडांना पाणी किती घालायचं यावरून आमचं त्यांच्याच स्वयंपाकघरात जुंपलं, दबक्या आवाजात, का ते ठाऊक नाही. घर तर रिकामं होतं.

आजी परत आल्या तेव्हा रस्त्यांवर बर्फ होता आणि घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी सगळ्यांच्या बुटांबरोबर जिन्यात येत होती. आम्ही सामान घ्यायला खाली गेलो. कुबडी टेकत त्या पहिल्या मजल्यापर्यंत चढल्या, कठड्याखालून बोट फिरवलं, बघितलं, आणि काही बोलल्या नाहीत. इथले लोकच म्हणतात की शिव्या घातल्या नाहीत तर तेच कौतुक समजावं. मी समजलो. मग त्यांनी कुबडीच्या टोकाने पायपुसणं उचललं.

"जिना कोणी झाडला?"

"याने," बायको म्हणाली.

"खाली खडी आहे."

बायको एक पाऊल पुढे आली आणि तिने ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलते त्या जर्मनमध्ये सुनावलं की जिना शनिवारी लख्ख होता, मी स्वतः पाहिलाय, ही खडी वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्यांच्या बुटांची आहे, आणि माझा नवरा कोपरे ब्रशने साफ करतो. आजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "असं होय," म्हणाल्या आणि पायपुसणं खाली ठेवलं.

वर आल्यावर दार लावत बायको म्हणाली, "खडी शनिवारीच होती. मी तेव्हाच बघितली होती."